निटचा हिवाळी टॉप: पॅटर्न मागतो ५० टक्के स्ट्रेच, कापड तेवढं ताणत नाही

सुईदोरा_धुळे

विकतचा पीडीएफ पॅटर्न (कपडा कापायचा कागदी नमुना) आहे. पूर्ण बाही, उंच उभी कॉलर, मनगटाला आणि खाली रुंद पट्टी, असा उबदार निटचा (फाशांनी विणलेल्या, ताणणाऱ्या कापडाचा) टॉप. साइज-तक्त्यात एम म्हणजे अंगाची छाती ३६, तयार कपडा ३८. एल म्हणजे अंगाची ३८, तयार ४०. माझं माप बरोबर मध्ये, ३७. पॅटर्नवर कापडाला किमान ५० टक्के आडवा स्ट्रेच हवा असं लिहिलंय, आणि १५० सेंमी पन्ह्याचं १.६ मीटर कापड. इथे होजिअरीचं कापड किलोवर मिळतं. मशीन घरगुती झिगझॅगचं आहे, ओव्हरलॉक (कड छाटत शिवणारं मशीन) नाही.

विचारायचं असं: किलोचा हिशेब कसा करायचा, कापड कुठलं घ्यायचं, एम कापू की एल, आणि ओव्हरलॉकशिवाय हे निभेल का?

कात्री_जळगाव

ताई, आधी किलोचं. दुकानदाराला जीएसएम विचारा. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. लांबी गुणिले पन्हा गुणिले जीएसएम केलं की झालं. २४० जीएसएम असेल तर १.६ × १.५ × २४० = ५७६ ग्रॅम. त्यात आटण्यासाठी आणि वाकड्या कडांसाठी भर घाला, ७०० ग्रॅम घ्या. २८० जीएसएमचं असेल तर ६७२ येतात, तिथे ८०० घ्या. ट्यूबमध्ये (गोल विणलेलं, न फाडलेलं) असेल तर दुकानदार ३० इंच पन्हा सांगेल. उघडल्यावर तो ६० होतो. हा घोळ फार होतो, म्हणून विचारून घ्या.

ट्यूबच्या दोन्ही घड्यांवर पक्की रेघ बसलेली असते. धुतली, इस्त्री केली तरी ती पूर्ण जात नाही. समोरच्या मध्यावर ती येऊ देऊ नका. ट्यूब एका घडीवर उघडा, दुसरी घडी बाजूच्या शिवणीत जाईल अशी मांडणी करा.

आता कापड. आपल्याकडची थंडी कशी, तर पहाटे पारा ८-१० वर आणि दुपारी दोनला २८-३०. त्यामुळे सिमल्यात घालतात तसलं ३५० जीएसएमचं ब्रश केलेलं कापड अकरा वाजता अंगावर नकोसं होतं. २२० ते २८० मधलं सुती लूपनिट (आतून बारीक फासे दिसतात ते) किंवा कॉटन-लायक्रा रिब (उभ्या धारांचं, जास्त ताणणारं निट) बरं. सिंकर म्हणून जे मिळतं ते पातळ टी-शर्टचं कापड, या कामाचं नाही. दुकानात "इंटरलॉक" हे कापडाचंही नाव आहे आणि कडा मारायच्या मशीनलाही लोक इंटरलॉकच म्हणतात, तेव्हा काय मागताय ते नीट सांगा.

पोलर फ्लीस घेऊ नका असं म्हणणार नाही. ऊब देतो, कडेचे धागे सुटत नाहीत, कापायला सोपा. पण तो पॉलिस्टर. घाम शोषत नाही, आणि भरताची वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजायला बसलात की एक ठिणगी उडाली तरी बाहीला वितळलेलं भोक. शिवाय बऱ्याच फ्लीसला ५० टक्के स्ट्रेच नसतोच.

सुरत जवळ म्हणून तिकडे जायचा मोह होतो, पण सुरतेचा जोर सिंथेटिक साडी आणि ड्रेस मटेरियलवर. सुती निट बहुतेक तिरुपूरकडचं, लोकरी आणि ॲक्रिलिक लुधियानाचं. आपल्या होजिअरीवाल्याकडे दोन्हीकडचा माल असतो.

स्ट्रेच मोजायची रीत: कापडाची आडवी घडी घाला. घडीच्या काठावर नको, काठापासून दोन-तीन इंच आत ४ इंचावर दोन टाचण्या लावा. पट्टीशेजारी धरून ओढा, कड गुंडाळायला लागेल किंवा फासे चिरतील इतकं नाही, अंगावर सहन होईल इतकंच. ४ चे ५ झाले तर २५ टक्के, ६ झाले तर ५०. मग ते ताणलेलं तसंच अर्धा मिनिट धरा आणि सोडा. परत ४ वर आलं तर कापड चांगलं. सव्वाचारवर अडकलं तर दोन दिवसांत कोपरावर फुगे येतील, तसलं कापड कितीही मऊ असलं तरी ठेवून द्या. माझ्या मते स्ट्रेचपेक्षा हे परत येणं जास्त महत्त्वाचं, आणि पॅटर्नच्या पाकिटावर ते कोणी लिहीत नाही.

छापील_अमळनेर

पॅटर्न छापायच्या आधी हे वाचा, नाहीतर वरचा सगळा हिशेब पाण्यात.

झेरॉक्सवाले सवयीने "फिट टू पेज" लावून देतात. त्यात छपाई ९७ टक्क्यांवर आली तर तुमचं ४० इंचाचं तयार माप ३८.८ होतं. अर्ध्या साइजहून जास्त गेलं. "ॲक्च्युअल साइज" किंवा १०० टक्के सांगा. आधी फक्त चाचणी चौकोन असलेलं पान काढा, पट्टीने दोन्ही बाजू मोजा. चौकोन २ इंचाचा असेल तर दोन्हीकडून २ इंच भरला पाहिजे, एका दोऱ्याचाही फरक नको. मग उरलेली पानं.

३०-३५ ए-फोर पानं चिकटवण्यात कंटाळा येत असेल तर फाइलमध्ये ए-झिरो पान आहे का बघा. घराचे नकाशे छापून देणारे एकाच मोठ्या कागदावर काढून देतात. तिथेही चौकोन मोजाच.

आणि शिवणीची माया, म्हणजे टिपेबाहेर कडेला सोडलेलं कापड. अमेरिकेतल्या जुन्या मोठ्या पाकीटवाल्या पॅटर्नमध्ये बहुधा ५/८ इंच, म्हणजे दीड सेंमी माया धरलेली असते. निटच्या छोट्या पीडीएफ पॅटर्नमध्ये ती १ सेंमी किंवा पाव इंचसुद्धा असते. काही युरोपियन मासिकांच्या पॅटर्नला माया नसतेच, आपण घालायची. सूचनांचं पहिलं पान वाचल्याशिवाय कात्री लावू नका. १ सेंमीची माया असताना दीडवर टीप मारली तर बाजूच्या दोन शिवणींत मिळून घेर २ सेंमी कमी होतो.

सुईदोरा_धुळे

छपाई १०० टक्क्यांवर केली, चौकोन बरोबर भरला. पॅटर्नमध्ये माया १ सेंमी आहे. कापड घेतलं: सुती लूपनिट, २६० जीएसएम, ८०० ग्रॅम. धुवायच्या आधी २० इंचाचा चौकोन आखला होता. धुऊन सपाट वाळवल्यावर लांबीत १९, रुंदीत साडेएकोणीस. स्ट्रेच मोजला तर ४ चे जेमतेम ५.२, म्हणजे ३० टक्के. सोडल्यावर लगेच ४ वर येतं. आता हे कापड या पॅटर्नला चालणार नाही का?

कात्री_जळगाव

चालेल, फक्त कुठे अडेल ते आधी शोधायचं. ५० टक्के सगळ्या टॉपला लागत नाहीत. अंगाला पॅटर्नमध्येच २ इंच सैल आहे, तिथे स्ट्रेचचं काम थोडं. अडतं ते डोकं आत जाताना आणि पंजा बाहीतून जाताना.

कॉलरचं तयार माप पॅटर्नमध्ये किती आहे? तुमच्या साइजला १६ इंच असेल असं धरते. डोक्याचा घेर कपाळावरून फीत फिरवून घ्या, साधारण २२ भरतो. ५० टक्के स्ट्रेचच्या कापडात १६ चे २४ होतात, डोकं सहज जातं. तुमच्या कापडात १६ चे २०.८ होतात. नाही जाणार. कानाशी अडकेल, तुम्ही ओढाल, आणि शिवणीचा दोरा तटतट तुटेल.

इथे दोन वाटा आहेत. पहिली, कॉलर आणि पट्ट्या दुसऱ्या कापडाच्या करा. त्याच रंगाचं १×१ किंवा २×२ रिब २०० ग्रॅम घ्या, त्याचा स्ट्रेच आरामात ६० च्या वर जातो. मग गळ्याच्या मापाच्या ८५ टक्के कॉलर: गळ्याची शिवणरेषा १९ असेल तर कॉलर १६. रिबही धुऊनच कापा.

दुसरी वाट, याच कापडाची कॉलर करायची. २२ ला १.३ ने भागलं की १६.९ येतात. पण कापड टोकापर्यंत ताणूनच डोकं जावं अशी बेतणी करायची नसते, म्हणून १८ धरा. म्हणजे १९ च्या गळ्याला ९५ टक्के. कॉलर थोडी ढिली उभी राहील, मानेला घट्ट बसणार नाही. दिसायला वाईट नाही, पण ऊब कमी. मी रिब सांगेन.

लक्षात घ्या, डोकं जाताना नुसती कॉलर नाही, गळ्याची शिवणही ताणली जाते. १९ च्या शिवणीला २२ व्हायचं आहे, १६ टक्के. तिथली टीप ताणणारी हवी, सरळ टीप चालत नाही.

पंजा: अंगठा आत दुमडून बोटांच्या मुळाशी घेर घ्या. साडेआठ असेल आणि मनगटपट्टी ७ ची असेल तर ७ चे ९.१ होतात, तिथे काळजी नाही.

साइज एल कापा. कापड पॅटर्नच्या अपेक्षेपेक्षा जाड आणि कमी ताणणारं आहे, त्यात आत पातळ बनियन किंवा कुर्ती येणार. खांदा अरुंद असेल तर खांदा आणि गळा एमचा ठेवून मुंढ्याच्या (बाही जोडायच्या गोलाईच्या) तळाशी हळूच एलच्या रेघेला मिळवा. तसं केलंत तर बाहीचा माथाही तसाच मिळवावा लागतो. दोन्हीकडची शिवणरेषा फीत उभी धरून मोजा. निटमध्ये अर्ध्या इंचापर्यंतचा फरक जिरतो, त्यापुढे मुंढा ओढ घेतो. गळा एमचा ठेवलात की कॉलरही एमचीच.

कापताना: कापड टेबलाबाहेर लोंबू देऊ नका, वजनाने ताणलं जातं आणि तुकडा कापून उचलला की आखडतो. लांब टेबल नसेल तर फरशीवर चादर टाकून कापा. टाचण्यांऐवजी वजनं ठेवा, पितळी वाट्या चालतात. पॅटर्नवरचा उभा बाण कापडाच्या कडेला समांतर धरू नका, कड तिरकी असू शकते. सुलट बाजूला फाशांची उभी ओळ दिसते, तिला समांतर धरा. ती ओळ चुकली की दोन धुण्यांनंतर बाजूची शिवण पोटावर येते. दुमडून दोन पदर कापण्यापेक्षा पुढचा भाग पूर्ण आखून एकेरी कापा, जाड कापडात खालचा पदर सरकतो. जुळणीच्या खुणा ३ मिलिमीटरपेक्षा खोल नकोत.

पायमशीन_भुसावळ

मशीनचं मी सांगतो. ओव्हरलॉक नसला तरी झिगझॅगवर हा टॉप होतो.

सुई बदला. नेहमीची टोकदार सुई फाशाचा धागा तोडते, आधी दिसत नाही, धुतल्यावर शिवणीलगत बारीक भोकं दिसतात. बॉलपॉइंट किंवा स्ट्रेच सुई घ्या. २६० जीएसएमला ९० नंबर (पाकिटावर ९०/१४ लिहिलेलं असतं). रिबला जोडताना तीन पदर होतात तिथेही हीच. सुईच्या बुंध्याची एक बाजू चपटी आहे ना बघून घ्या, कारखान्याच्या मशीनची गोल बुंध्याची सुई घरगुती मशीनला बसत नाही.

दोरा पॉलिस्टरचा, वर आणि बॉबीनला एकच. सुती दोरा ताणत नाही.

जोडायची टीप: झिगझॅगची रुंदी १ मिलिमीटर, लांबी अडीच. दिसायला जवळजवळ सरळ, पण ताणल्यावर उघडते. मग कडेला दुसरी झिगझॅग, रुंदी ४, लांबी ३, आणि उरलेली माया छाटून टाका. मशीनवर विजेच्या आकाराची स्ट्रेच टीप असते, तीही चालते, पण मागे-पुढे जाऊन शिवत असल्याने चुकली तर उसवताना जीव जातो. पहिल्या टॉपला नको.

क्रम असा ठेवा. आधी दोन्ही खांदे. खांद्याच्या शिवणीत पट्टी घालायचीच, ६ मिलिमीटरचं पारदर्शक इलास्टिक किंवा सुती ट्विल टेप. तिची लांबी कापडावरून नाही, कागदी पॅटर्नवरून मोजा, कारण कापड तोवर ताणलेलं असू शकतं. खांद्यावर बाहीचं सगळं वजन येतं. पट्टी नसली तर महिनाभरात खांदा दंडावर उतरतो. मग कॉलर. मग बाह्या सपाट असतानाच मुंढ्याला जोडा, बाही खाली आणि अंग वर. मग मनगटापासून काखेतून खालपर्यंत एकच लांब शिवण. शेवटी मनगटाच्या आणि खालच्या पट्ट्या.

कॉलर लावायची पद्धत नीट वाचा, निम्मे टॉप इथेच बिघडतात. कॉलरची आडवी टोकं जोडून गोल करा, उलट्या बाजू आत ठेवून उभी दुमडा. दुमडलेल्या कॉलरचे चार सारखे भाग करून टाचण्या लावा. गळ्याचेही चार भाग करा, पण खांद्याची शिवण म्हणजे पाव भाग नव्हे. पुढचा गळा मागच्यापेक्षा खोल असतो, त्यामुळे पाव भागाची खूण शिवणीच्या पुढे येते. पुढचा मध्य आणि मागचा मध्य जुळवून उरलेल्या दोन खुणा घडीने काढा. कॉलरचा जोड मागच्या मध्यावर. आता चारी टाचण्या जुळवा आणि कॉलर वर ठेवून शिवा. फक्त कॉलर ताणायची, गळ्याइतकी होईपर्यंतच. गळा ताणला गेला तर कॉलर फुलासारखी बाहेर उघडते आणि कितीही इस्त्री करा, बसत नाही.

तापीकाठ_नंदुरबार

भाऊंचं सगळं बरोबर, एक गोष्ट सोडून. शेवटच्या लांब शिवणी आणि पट्ट्या गावातल्या इंटरलॉकवाल्याकडून मारून घ्या. चार दोऱ्यांचं मशीन आहे का विचारा. तीन दोऱ्यांचं असेल तर जोड त्या मानाने कमी पक्का. आधी आपली बारीक झिगझॅग मारून मग द्या. पात्याने कड कापली जाते हे विसरू नका. तुमची माया १ सेंमी आणि मशीनचा टाका ६-७ मिलिमीटर रुंद, म्हणजे कडेचे ३-४ मिलिमीटर कापायला सांगा. नाही सांगितलंत तर तो कडेलाच मारेल आणि टाका तुमच्या झिगझॅगपर्यंत पोचणार नाही. टाचण्या मात्र सगळ्या काढून धाग्याचे टाके घालून द्या, टाचणी पात्याखाली आली की पातं गेलं आणि वर दुकानदाराची बोलणी.

गळा कोणाला देऊ नका. तो घरीच, सावकाश. बाकी बठ्ठं सोपं शे.

सुईदोरा_धुळे

रिब आणली. उरलेल्या तुकड्यांवर पट्टी लावून बघितली. दोन अडचणी. लूपनिटला रिब जोडल्यावर शिवण लाटांसारखी वर-खाली होते. आणि जाड जागी मधेच दोन-तीन टाके सुटतात. सुई ९० ची बॉलपॉइंटच आहे.

पायमशीन_भुसावळ

लाटा म्हणजे कापड मशीनच्या दाबपायाखाली ताणलं जातंय. खालचे दात खालचा पदर पुढे नेतात, वरचा पाय वरच्या पदराला दाबून मागे धरतो. तुमच्या मशीनच्या डोक्यावर पायाच्या दाबाचा स्क्रू किंवा डायल असेल, तो एक-दोन घरं सैल करा. रिब हातांनी ताणताना पुढून आणि मागून सारखी धरा, मागून ओढू नका. तरीही लाटा आल्या तर शिवणीखाली बटर पेपरची पट्टी घालून शिवा आणि नंतर फाडून काढा. वर्तमानपत्र नको, शाई लागते. शिवून झाल्यावर वाफेची इस्त्री शिवणीपासून थोडी वर धरून वाफ सोडा आणि हाताने थोपटा. सुती लूपनिट बऱ्यापैकी आखडून परत बसतं. इस्त्री घासत नेऊ नका, त्यानेच पुन्हा ताणतं.

आधी रिबचं माप एकदा तपासा. खालच्या पट्टीची लांबी टॉपच्या घेराच्या ८५ ते ९० टक्के हवी. ७५ वर कापली असेल तर लाटा मशीनच्या नाहीत, चुण्या आहेत. त्याला दाबाचा स्क्रू काही करणार नाही.

टाके सुटतात त्याचं कारण वेगळं. सुई वर येताना दोऱ्याचा छोटा फास सोडते, खालचा हूक तो पकडतो. जाड मऊ कापड सुईबरोबरच वर उचललं गेलं तर फास तयार होत नाही. त्यासाठी बॉलपॉइंटऐवजी "स्ट्रेच" असं लिहिलेली सुई लावा, तिचा आकार हूकला दोरा नीट पकडू देतो. घाला नवीच, पाकिटातली वापरलेली नको. दोरा पूर्ण काढून पाय वर असताना पुन्हा ओवा. पाय खाली असताना ओवला तर दोरा ताणाच्या चकत्यांमध्ये बसत नाही. आणि चार शिवणी एकत्र येतात तिथे, म्हणजे काखेत आणि बाजूच्या शिवणीवर पट्टी चढते तिथे, एक माया इकडे आणि दुसरी तिकडे उलटवा. एकावर एक चढवलीत तर तिथे सहा-सात पदर होतात, आणि तिथेच टाका सुटतो. तो उंचवटा ओलांडताना पायडल सोडून चाक हाताने फिरवा, चार-पाच टाके. पाय मागून खाली झुकत असेल तर मागच्या बाजूला कापडाची घडी सरकवून तो सपाट करा.

दाबाचं एक विसरू नका: लाटांसाठी दाब फार सैल केला तर हेच टाके सुटणं वाढतं. एक घर सैल करा, तुकड्यावर बघा, मग दुसरं.